पाव, वाईन आणि मावशीची गोळी: एका पेशीच्या जिवाने सांगितलेली गोष्ट

(हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना घाईत सुटलेली काही वाक्यं इथे जोडली आहेत, बाकी सगळं जसं बोलले तसंच.)



आजचा भाग सुरू होतो मिसळीपासून. नाशिकच्या माणसाचा रविवार दुसऱ्या कशाने सुरू होणार? गंगापूर रोडला मी, मावशी आणि मावसभाऊ बसलो होतो. काळा रस्सा, वर कांदा, लिंबू, शेजारी पाव. खाऊन झाल्यावर मावशीने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी घेतली आणि मोबाइलच्या कॅलेंडरवर खूण केली. तिची ही गोळी एकवीस दिवस रोज घ्यायची, मग सात दिवस सुट्टी. पुन्हा एकवीस दिवस. मावशीला ब्रेस्ट कॅन्सर आहे. घरात आता आम्ही तो शब्द कुजबुजत नाही, सरळ बोलतो.

पाणी पिऊन मावशी म्हणाली, "तू बी.एस्सी. केलंस ना गं? मग सांग, ही गोळी आत जाऊन करते काय?"

मी म्हटलं, "पेशींचं विभाजन थांबवते."

"ते डॉक्टरांनीही सांगितलं. पण मला हे सांग, पेशीला थांबवायचं बटण कुठे आहे ते माणसाला कळलं कसं? कुणी शोधलं? आणि कशात शोधलं?"

हे विचारताना तिच्या हातात उरलेला अर्धा पाव होता. मी त्या पावाकडे बघितलं आणि हसायला आलं. कारण उत्तर तिच्या हातातच होतं.

तर आजचा भाग मावशीच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे. थोडं लांबलंय, पण मिसळीच्या टेबलावर एवढं सांगता आलं नसतं.

पावाची जाळी

पाव तोडला की आत जाळी दिसते. ती जाळी यीस्टने केलेली असते. यीस्ट म्हणजे एका पेशीची बुरशी. शाळेच्या पुस्तकात तिला 'किण्व' म्हटलंय, आणि तिचं पुनरुत्पादन 'मुकुलायन' म्हणून पाच मार्कांना यायचं. आठवतंय? मोठ्या पेशीला एक छोटा फुगवटा येतो, तो वाढतो आणि सुटा होतो. झाली नवी पेशी.

ही पेशी साखर खाते आणि दोन गोष्टी बाहेर टाकते: कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल. पिठात कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे अडकतात, म्हणून पाव फुगतो. अल्कोहोल भट्टीत उडून जातं. वाईनमध्ये उलटं. तिथे वायू उडून जातो आणि अल्कोहोल राहतं. जीव तोच. शास्त्रीय नाव सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी. सॅकॅरोमायसिस या शब्दाचा अर्थच 'साखरेची बुरशी'.

माणूस हजारो वर्षं हिला कामाला लावत आला, पण ती आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. १६८० मध्ये हॉलंडच्या लेव्हेनहुकने आपल्या हाताने बनवलेल्या भिंगातून बिअरचा थेंब पाहिला. त्याला बारीक गोल गोळे दिसले. ते जिवंत असतील असं त्याच्या मनातही आलं नाही. त्यानंतर दीडशे वर्षं गेली. १८३७ च्या सुमाराला तीन माणसांनी, एकमेकांशी संबंध नसताना, एकच गोष्ट सांगितली: हे गोळे जिवंत आहेत, ते वाढतात आणि साखरेचं अल्कोहोल तेच करतात. त्या तिघांतला एक थिओडोर श्वान. हो, तोच श्वान, 'सगळे प्राणी पेशींचे बनलेले असतात' म्हणणारा. म्हणजे पेशीसिद्धांताचं नाव ज्याच्याशी जोडलंय, तो माणूस त्याआधी यीस्टकडे बघत बसला होता.

त्या काळच्या बड्या रसायनशास्त्रज्ञांना हे पटलं नाही. लीबिग आणि व्होलर या दोन दिग्गजांनी १८३९ मध्ये चक्क निनावी टिंगल छापली. यीस्ट म्हणजे म्हणे छोटे प्राणी, एका बाजूने साखर गिळतात आणि दुसऱ्या बाजूने अल्कोहोल सोडतात. आजच्या भाषेत, मीम टाकलं. गंमत अशी की मीम खऱ्याच्या बरंच जवळ होतं. पुढे पाश्चरने १८५७ पासून एकामागून एक प्रयोग केले आणि आंबण्यामागे जिवंत पेशी असतात हे पक्कं केलं.

मग १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनरने यीस्ट वाळूबरोबर कुटून, दाबून तिचा रस काढला. त्या रसात एकही जिवंत पेशी नव्हती, तरी साखर आंबली. म्हणजे काम करणारी रसायनं पेशीच्या आत होती आणि ती बाहेर काढता येत होती. या रसायनांना आपण एन्झाइम म्हणतो. त्या शब्दाचा ग्रीकमधला अर्थ काय आहे माहितीये? 'यीस्टमध्ये'. आपल्या पोटातल्या एन्झाइमलाही आपण यीस्टचंच नाव देऊन बसलोय.

बटाटा आणि कमलाबाई

इथे मी थोडं घराकडे वळते, कारण या गोष्टीत एक मराठी बाई आहे आणि ती सुटता कामा नये.

१९२५ मध्ये केंब्रिजमध्ये डेव्हिड कीलिन नावाचा शास्त्रज्ञ यीस्टचं गढूळ पाणी एका स्पेक्ट्रोस्कोपमधून बघत होता. प्रकाशाच्या पट्ट्यात त्याला काळ्या रेघा दिसल्या. नळी हलवून हवा मिसळली की रेघा गायब. थोडा वेळ ठेवलं की परत हजर. म्हणजे ऑक्सिजन आला की तो पदार्थ रूप बदलत होता. श्वासाचं रसायनशास्त्र डोळ्यांना दिसत होतं. या पदार्थाला त्याने सायटोक्रोम नाव दिलं. तो कीटकांच्या स्नायूंतही होता आणि यीस्टमध्येही होता.

मग वनस्पतींचं काय? या प्रश्नावर काम करणाऱ्यांत होत्या कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. दुर्गाबाई भागवतांची बहीण. १९३३ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी प्रवेश मागितला, तेव्हा सी. व्ही. रामन यांनी त्या बाई आहेत म्हणून नकार दिला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत, अडून बसल्या. शेवटी अटी घालून प्रवेश मिळाला. त्यांचं काम बघून रामन यांचं मत बदललं आणि त्यानंतर तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला. पुढे त्या केंब्रिजला गेल्या. तिथे रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करताना त्यांनी बटाट्यात सायटोक्रोम सी शोधलं आणि १९३९ मध्ये पीएचडी मिळवली.

आता जरा थांबून विचार करा. यीस्टमध्ये दिसलेला पदार्थ बटाट्यात सापडतो. किड्यात असतो. तुमच्या-माझ्यात असतो. म्हणजे श्वास घेण्याची आतली यंत्रणा सगळ्यांची एकच. 'एका जिवात शोधा, दुसऱ्यात सापडेल' या भरवशावरच पुढची सगळी गोष्ट उभी आहे.

कमलाबाई परत आल्या आणि मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या. तिथे त्यांनी नीरेवर काम केलं. गरीब मुलांना आणि गरोदर बायकांना नीरा पोषक ठरू शकते हे दाखवलं. त्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आणि नीरा पहाटे का प्यायची असते? ऊन चढलं की तिच्यात यीस्ट कामाला लागते आणि नीरेची ताडी होते. बघा, फिरून आलो यीस्टकडेच.

सडलेलं अंजीर आणि तडकलेले मणी

प्रयोगशाळेतली यीस्ट मुळात आली कुठून? नाशिकमध्ये बसून ऐकणाऱ्यांना हा भाग आवडेल.

१९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मर्सेड गावाजवळ एमिल म्राक नावाच्या संशोधकाला एका सडलेल्या अंजिरावर यीस्ट मिळाली. तिला नाव पडलं ईएम९३. पुढे तिच्यापासून, दुसऱ्या काही यीस्टशी संकर करत करत, रॉबर्ट मॉर्टिमर यांनी एक वाण तयार केलं: एस२८८सी. आज जगभरच्या प्रयोगशाळांत जी यीस्ट वाढवतात, तिच्यातली बरीचशी या घराण्यातली. एस२८८सीच्या जनुकीय साठ्यातला जवळजवळ ८८ टक्के भाग त्या अंजिरावरच्या यीस्टचा आहे असा हिशोब मॉर्टिमर यांनीच मांडला. म्हणजे पेशीविज्ञानाच्या कितीतरी शोधांचं मूळ गाव म्हणजे एक नासकं फळ.

आता आपल्या द्राक्षांकडे या. एक समज सगळीकडे आहे की द्राक्षावर जी पांढरी पावडर दिसते ती यीस्ट. नाही. ते मेण आहे, द्राक्षाने स्वतःच बनवलेलं. अखंड, निरोगी मण्यावर वाईनची यीस्ट क्वचितच असते. मॉर्टिमर आणि पोल्सिनेली यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार, हजारातल्या एखाद्या मण्यावर. पण मणी फुटलेला असला तर? चारांतल्या एकावर.

निफाड-दिंडोरीकडच्या लोकांना हे चित्र ओळखीचं आहे. काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस येतो, मणी तडकतात, रस बाहेर येतो, आणि दोन दिवसांत बागेत आंबूस वास सुटतो. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांवर पाणी फिरतं. त्याच वेळी त्या फुटलेल्या मण्यात एका पेशीच्या जिवाची जत्रा भरलेली असते. मग ती तिथे पोचते कशी? यीस्टला पंख नाहीत. २०१२ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की गांधीलमाश्यांच्या पोटात ती हिवाळाभर राहते, आणि माश्या आपल्या पिलांना भरवताना ती पुढच्या पिढीकडे देतात. फळ चावलं की यीस्ट तिथे उतरते.

नाशिकच्या वायनरी मात्र माशीवर अवलंबून राहत नाहीत. १९९७ मध्ये राजीव सामंत यांनी सुलाची पहिली वेल लावली, २००० मध्ये वायनरी उभी राहिली, २००१ मध्ये राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं आणि नाशिकला आजची ओळख मिळाली. तिथल्या स्टीलच्या टाक्यांत निवडलेलं यीस्टचं वाण मोजून घालतात आणि तापमान सांभाळतात. एकच वाण शुद्ध स्वरूपात वाढवायची ही युक्ती १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एमिल हॅन्सनने काढली. त्याच प्रयोगशाळेत १९३५ मध्ये ओय्विंद विंगे यांनी यीस्टमध्ये नर-मादीसारखं मीलन होतं हे दाखवलं. म्हणजे आता यीस्टचे संकर करता येऊ लागले. जसं मेंडेलने वाटाण्यात केलं, तसंच इथे, पण दीड तासाला एक पिढी!

थंडीत चालणारी, उन्हात थांबणारी

आता येतो मावशीच्या बटणापाशी.

१९६० च्या दशकात लेलंड हार्टवेल नावाच्या तरुण अमेरिकन संशोधकाला कॅन्सर समजून घ्यायचा होता. कॅन्सर म्हणजे पेशी थांबायचं विसरते. मग नीट वागणारी पेशी केव्हा विभागायचं आणि केव्हा थांबायचं हे ठरवते कशी? माणसाच्या पेशी वाढवून हे शोधणं तेव्हा फार किचकट होतं. त्या हळू वाढतात, आणि त्यांच्यात एकेक जनुक बिघडवून बघायची सोय नव्हती. म्हणून त्याने यीस्ट घेतली.

अडचण काय होती बघा. विभाजनाचं जनुक बिघडवलं तर पेशी मरणार. मेलेल्या पेशीचा अभ्यास कसा करणार? यावर उपाय असा: बिघाड अर्धवट करायचा. जनुकात असा बदल शोधायचा की त्याचं प्रथिन थंडाव्यात, २३ अंशांना, नीट चालेल आणि ३६ अंशांना बंद पडेल. आपल्याकडच्या एखाद्या स्कूटरसारखं, जी डिसेंबरात पहिल्या किकला सुरू होते आणि मे महिन्यात रस्त्यातच मान टाकते. थंडीत वाढवा, मग ऊब द्या आणि बघा पेशी कुठल्या टप्प्यावर अडते.

पेशी कुठे अडली हे कळतं कसं? तेच, पाच मार्कांचं मुकुलायन. यीस्टचा फुगवटा किती मोठा झालाय, त्यावरून ती विभाजनाच्या कुठल्या पायरीवर आहे हे दिसतं. फुगवटाच नाही म्हणजे सुरुवात झालेली नाही. छोटा म्हणजे डीएनएची नक्कल चाललीय. मोठा म्हणजे वाटणी जवळ आली. हार्टवेलच्या प्रयोगशाळेत ब्रायन रीड नावाचा पदवीचा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली ठराविक वेळाने फोटो काढायचा. आधी आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवायचे. एखाद्या वाणातल्या सगळ्याच पेशी एकाच आकाराच्या फुगवट्यावर अडलेल्या दिसल्या की समजायचं, विभाजनाचं एक जनुक हाती लागलं. १९७० मध्ये पहिला निबंध आला, त्यावर रीडचंही नाव होतं. कॉलेजात शिकणाऱ्यांनो, ऐकताय ना? १९७३ पर्यंत अशी १४८ वाणं आणि ३२ जनुकं जमली होती. त्यांतलं सीडीसी२८ सगळ्यांत वेगळं. ते बंद पडलं की पेशी उंबरठ्यावरच थांबायची, आत पाऊलच टाकायची नाही.

कचऱ्याच्या डब्यातली बशी

दुसरा माणूस इंग्लंडचा, पॉल नर्स. हा गडी शाळेत फ्रेंचच्या परीक्षेत सहा वेळा नापास झाला. त्या काळी परदेशी भाषेशिवाय विद्यापीठात प्रवेश नव्हता. मग त्याने गिनेसच्या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञाची नोकरी धरली. पुढे एका विद्यापीठाने ती अट बाजूला ठेवून त्याला घेतलं.

एडिनबराला मर्डॉक मिचिसन यांच्या प्रयोगशाळेत तो वेगळ्या यीस्टवर काम करायचा: शायझोसॅकॅरोमायसिस पॉम्बे. 'पॉम्बे' म्हणजे स्वाहिली भाषेत बिअर. पूर्व आफ्रिकेच्या बिअरमधून ती मिळाली म्हणून हे नाव. हिला फुगवटा येत नाही. ती काकडीसारखी लांब होते आणि मधोमध दोन तुकडे होतात. नर्सला अशा पेशी सापडल्या ज्या नेहमीपेक्षा लहान असतानाच विभागायच्या, म्हणजे घाई करायच्या. स्कॉटिश बोलीत लहानाला 'वी' म्हणतात, म्हणून जनुकाचं नाव पडलं वी१. हे जनुक म्हणजे ब्रेक. तो तुटला की पेशी घाई करते.

अशी पन्नासेक वाणं त्याने गोळा केली. जवळजवळ सगळी त्याच एका जनुकाची निघाली. शेवटच्या एका बशीवर दुसरीच बुरशी पसरली होती. शुक्रवारची दुपार, बाहेर पाऊस. नर्सने बशी कचऱ्यात टाकली आणि घरी गेला. चहा झाल्यावर मनाला लागून राहिलं, म्हणून भिजत परत आला आणि डब्यातून बशी काढली. त्यातली यीस्ट वेगळ्या जनुकाची निघाली: सीडीसी२. हे जनुक पूर्ण बिघडलं की पेशी विभागतच नाही, आणि थोडं वेगळं बदललं की घाई करते. जो ब्रेक तुटल्यावर पेशी नुसती सुटते तो वेगळा, आणि ज्याच्या जोरावर ती चालतेही आणि थांबतेही ते वेगळं. हे होतं मुख्य बटण.

१९८२ मध्ये आणखी एक धक्का बसला. हार्टवेलच्या यीस्टचं सीडीसी२८ नर्सच्या यीस्टमध्ये घातलं, आणि तिचं बिघडलेलं सीडीसी२ सावरलं! या दोन यीस्ट नावाने बहिणी, पण उत्क्रांतीत एकमेकींपासून कोट्यवधी वर्षं लांब.

मग पुढचा प्रश्न उघड होता. माणसात?

मेलनी ली या संशोधिकेने लंडनमध्ये, नर्सच्या प्रयोगशाळेत, माणसाच्या जनुकांचा अख्खा संग्रह घेतला आणि तो सीडीसी२ बिघडलेल्या यीस्टमध्ये सोडला. कल्पना अशी की लाखो पेशींमधल्या एखाद्या पेशीत नेमकं योग्य मानवी जनुक शिरलं, तर ती एकटी वाढू लागेल. बाकीच्या अडून राहतील. आणि तसंच झालं. बशीवर यीस्टची वसाहत वाढली. तिच्या आत विभाजनाचं काम माणसाचं जनुक करत होतं. साल १९८७.

मंडळी, यीस्ट आणि आपण यांचा समान पूर्वज साधारण एक अब्ज वर्षांपूर्वीचा. एवढ्या काळात बटण बदललं नाही. इतकं नाही बदललं, की एकाचा सुटा भाग दुसऱ्याला बसतो.

यात तिसरा माणूस टिम हंट. त्याने १९८२ मध्ये सागरी अर्चिनच्या अंड्यांत सायक्लिन नावाची प्रथिनं शोधली. प्रत्येक विभाजनाबरोबर ती साठतात आणि नाहीशी होतात. पुढे कळलं की सीडीसी२चं प्रथिन सायक्लिन जोडीला आल्याशिवाय काम करत नाही. म्हणून या घराण्याला सीडीके म्हणू लागले. तिघांना २००१ चं नोबेल मिळालं.

मावशी, हे तुझ्यासाठी

आता गोळी. माणसात सीडीकेची मोठी भावंडं आहेत. सीडीसी२ला आता सीडीके१ म्हणतात. सीडीके४ आणि सीडीके६ ही दोघं डीएनएची नक्कल सुरू व्हायच्या आधीच्या दारावर उभी असतात. तिथे आरबी नावाचं प्रथिन कुलपासारखं असतं. सीडीके४ आणि ६ ते कुलूप काढतात, मग पेशी विभाजनाच्या वाटेला लागते. हार्मोनवर वाढणाऱ्या ब्रेस्ट कॅन्सरमध्ये हे कुलूप सारखं सारखं काढलं जातं. पाल्बोसिक्लिब नावाचं औषध सीडीके४ आणि ६ चे हात बांधतं. कुलूप लागलेलं राहतं.

अमेरिकेत हे औषध २०१५ मध्ये मंजूर झालं. आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये त्याचं पेटंट संपलं, भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत बरीच खाली आली. म्हणून तर ती पट्टी मावशीच्या पर्समध्ये आहे.

मग सात दिवस सुट्टी कशाला? कारण बटण सगळ्यांचं सारखंच आहे. हाडांच्या मगजात पांढऱ्या पेशी रोज तयार होत असतात. त्यांनाही विभागावं लागतं, आणि तिथेही सीडीके४ आणि ६ लागतात. गोळीमुळे त्यांची संख्या घटते. सात दिवस थांबलं की ती भरून येते. म्हणून मावशीला मधेमधे रक्त तपासायला जावं लागतं, आणि म्हणून एखाद्या महिन्यात डॉक्टर म्हणतात, "अजून थोडं थांबू."

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. ही गोळी यीस्टमध्ये बनलेली नाही. यीस्टपासून गोळीपर्यंत हजारो माणसांची पन्नास वर्षं गेली. यीस्टला स्तन नाही, हार्मोन नाही, रक्त नाही. औषधाचा त्रास किती होईल हे यीस्ट सांगू शकत नाही. पण कुठे शोधायचं हे तिने सांगितलं. सीडीके नावाचं काही असतं आणि ते विभाजन चालवतं, ही ओळख तिने करून दिली.

आपल्याकडे काय?

१९९६ मध्ये यीस्टचा अख्खा जीनोम वाचून झाला. सोळा गुणसूत्रं, सुमारे १ कोटी २० लाख अक्षरं, सुमारे ६००० जनुकं. केंद्रक असलेल्या सजीवांत हा पहिला. २०१५ मध्ये टेक्सासमधल्या संशोधकांनी यीस्टची जगण्यासाठी अत्यावश्यक अशी ४१४ जनुकं एकेक करून काढली आणि त्या जागी माणसाची बसवून पाहिली. जवळजवळ निम्म्या वेळा यीस्ट जगली.

हे सगळं काही सातासमुद्रापलीकडेच चालत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९५१ पासून सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथे यीस्टची वाणं जपून ठेवतात आणि संशोधकांना देतात. त्यातलं एक आपल्या अगदी जवळचं आहे: मुंबईजवळच्या तेलाने माखलेल्या समुद्राच्या पाण्यातून मिळालेली यारोविया लिपोलिटिका, नंबर ३५८९. पुण्यात स्मिता झिंजर्डे, अदिती पंत आणि मुकुंद देशपांडे यांनी तिच्यावर काम केलं. ही यीस्ट परिस्थिती बघून गोल पेशीची लांब धाग्यासारखी होते. ती तेल खाते, म्हणून प्रदूषणाच्या दृष्टीने कामाची. आणि ती आकार का बदलते, हा निखळ पेशीविज्ञानाचा प्रश्न. यातल्या अदिती पंत म्हणजे अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन भारतीय महिलांपैकी एक. बर्फापासून यीस्टपर्यंत!

मुंबईच्या आयआयटीत पी. जे. भट यांनी अनेक वर्षं एकच प्रश्न लावून धरला: गॅलॅक्टोज ही साखर समोर आली की यीस्ट ती पचवायची जनुकं चालू कशी करते? २००८ मध्ये त्यांनी यावर अख्खं पुस्तक लिहिलं. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा साखरेवर? पण दुधातल्या साखरेचा अर्धा भाग गॅलॅक्टोजच असतो. ते पचवायची हीच साखळी माणसात असते. ज्या बाळांमध्ये ती तुटलेली असते, त्यांना आईचं दूधही बाधतं.

आणि तुमच्यापैकी अनेकांच्या दंडात यीस्टचं काम आधीच जाऊन आलंय. हेपटायटिस-बीची लस यीस्टमध्ये विषाणूचं एक जनुक घालून बनवतात. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही ती यीस्टमध्येच बनवते.

जाता जाता

मागच्या एका भागाखाली कुणीतरी विचारलं होतं, बुरशी आणि माश्यांवर पैसे घालवण्यापेक्षा थेट कॅन्सरवर संशोधन का करत नाहीत? प्रश्न चुकीचा नाही. ज्याच्या घरात आजार आहे त्याला घाई असणारच. मलाही आहे. पण १९७० मध्ये हार्टवेलला 'थेट कॅन्सरवर काम कर' असं सांगितलं असतं, तर थांबवायचं काय हे आपल्याला किती उशिरा कळलं असतं कोण जाणे. तो फुगवटे मोजत बसला होता. कमलाबाई बटाटे कुटत होत्या. त्यांना प्रवेशच मिळाला नसता तर? नर्सला त्या विद्यापीठाने फ्रेंचसाठी अडवलंच असतं तर? मला या गोष्टीत सगळ्यात जास्त भीती तिथे वाटते. यीस्ट तर कुठल्याही सडक्या फळावर मिळते.

घरी करून बघण्यासारखं: कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि अर्धा चमचा ड्राय यीस्ट घाला. बाटलीच्या तोंडाला फुगा लावा. अर्ध्या तासाने बघा. कॉलेजात सूक्ष्मदर्शक असेल तर त्यातला एक थेंब काचपट्टीवर घ्या आणि फुगवटे शोधा. कुणाला फुगवटाच नाही, कुणाला छोटा, कुणाला मोठा? तुम्ही जे बघताय ते ब्रायन रीडने बघितलं होतं.

मावशीला मी हा भाग आधीच ऐकवला. तिने दोन प्रश्न विचारले. पहिला, "त्या बशीचं बुरशी लागलेलं यीस्ट त्याने धुतलं कसं?" दुसरा, "म्हणजे माझ्या आत आणि या पावात एकच बटण?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग अजून एक पाव मागव."

पुढच्या रविवारी भेटू. प्रश्न असतील तर पाठवा, मावशीचे पाठवून झालेत.